डॉमिनिकन लोकांची संस्कृती आणि परंपरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू यॉर्क, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना डॉमिनिकन शेजारी नवे नाहीत. इकडे पुण्या-मुंबईत बचाता नाच शिकणारी तरुण मंडळी आहेत, आणि समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रं पाहून डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुंता कानाला जायचा बेत आखणारेही आहेत. या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उत्तरांत एक गोष्ट सतत डोकावेल, ती आधीच सांगतो. आज डॉमिनिकन माणूस ज्या गोष्टी अभिमानाने मिरवतो, त्यातल्या बहुतेक गरिबांच्या, शेतमजुरांच्या आणि गुलामांच्या वंशजांच्या आहेत. त्या देशातल्या प्रतिष्ठितांनी त्यांतल्या कित्येकांकडे अनेक वर्षं नाक मुरडूनच पाहिलं.

डॉमिनिकन म्हणजे डॉमिनिका देशाचे लोक का?

नाही. डॉमिनिका हे कॅरिबियनमधलं वेगळं, लहानसं, इंग्रजी बोलणारं बेट आहे. आपण बोलतोय ते डॉमिनिकन प्रजासत्ताकाबद्दल. हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वेकडचा सुमारे दोन तृतीयांश भाग या देशाचा, उरलेला पश्चिमेकडचा हैतीचा. लोकसंख्या साधारण 1 कोटी 10 लाख, भाषा स्पॅनिश, राजधानी सांतो दोमिंगो. अमेरिका खंडात युरोपीय लोकांनी वसवलेलं आणि आजवर सलग नांदतं असलेलं सर्वांत जुनं शहर हेच. त्याचा जुना भाग 1990 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या संस्कृतीची मुळं कोणती?

शाळेच्या पुस्तकातलं उत्तर सरळ आहे: ताईनो, स्पॅनिश आणि आफ्रिकन. प्रत्यक्षात या तिघांना कधीच सारखा मान मिळाला नाही.

ताईनो हे बेटाचे मूळ रहिवासी. 1492 मध्ये कोलंबस आला आणि पुढच्या काही दशकांत सक्तमजुरी, साथी आणि कत्तलींनी त्यांचा समाज उद्ध्वस्त झाला. 1511 साली सांतो दोमिंगोतच आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने भर प्रवचनात स्पॅनिश मालकांना जाब विचारला, की ही माणसं नाहीत का? त्याचा प्रचंड पुतळा आज समुद्राकाठी उभा आहे, हात तोंडाशी धरून ओरडणारा. एन्रिकियो या ताईनो नायकाने डोंगरांत राहून 1519 पासून 1533 पर्यंत स्पॅनिशांना झुंजवलं. ताईनोंचं काय उरलं, असं विचाराल तर कासाबे ही कसाव्याच्या कंदाची भाकरी, काही पिकं, गावांची नावं, आणि आता जगभर वापरले जाणारे हॅमॉक, हरिकेन, बार्बेक्यू यांसारखे शब्द.

आफ्रिकन माणसांना उसाच्या मळ्यांसाठी गुलाम म्हणून आणलं गेलं. 1521 मध्ये याच बेटावर त्यांनी बंड केलं. अमेरिका खंडातल्या गुलामांच्या पहिल्या उठावांपैकी हा एक. ढोल, नाच, स्वयंपाक, देवभक्ती, प्रेताभोवतीची गाणी, सगळ्यांत आफ्रिका आहे. तरीही कित्येक पिढ्या लोक स्वतःला ‘काळे’ म्हणवून घेत नसत. सरकारी ओळखपत्रावरसुद्धा सावळ्या माणसाच्या रंगापुढे ‘इंदियो’, म्हणजे मूळ रहिवासी, असं लिहिलं जाई, जणू तो सावळेपणा ताईनोंकडूनच आला. कुरळ्या केसांना ‘वाईट केस’ म्हणायची सवय अजून पुरती गेलेली नाही. अलीकडे तरुण मुली केस नैसर्गिक ठेवू लागल्या आहेत. मला हा बदल कुठल्याही सरकारी सोहळ्यापेक्षा मोठा वाटतो.

स्वातंत्र्यदिन स्पेनपासून सुटल्याचा की हैतीपासून?

हैतीपासून. स्पेनची सत्ता 1821 मध्ये संपली, पण पुढच्याच वर्षी हैतीच्या फौजा आल्या आणि 22 वर्षं संपूर्ण बेट एका राज्याखाली राहिलं. या भागातली गुलामगिरी संपली ती याच राजवटीत, 1822 मध्ये. हे वाक्य डॉमिनिकन शाळेत फार जोराने सांगितलं जात नाही. हुआन पाब्लो दुआर्ते याने 1838 मध्ये ‘ला त्रिनितारिया’ ही गुप्त संघटना काढली आणि 27 फेब्रुवारी 1844 ला स्वातंत्र्य जाहीर झालं. दुआर्ते, सांचेस आणि मेया हे तिघे राष्ट्रपिते मानले जातात. 1861 मध्ये देश पुन्हा स्पेनच्या ताब्यात गेला. 16 ऑगस्ट 1863 ला त्याविरुद्ध युद्ध पेटलं आणि 1865 मध्ये स्पॅनिश गेले. म्हणून 16 ऑगस्टही राष्ट्रीय सण आहे. 26 जानेवारी, म्हणजे दुआर्तेचा जन्मदिवस, ते 27 फेब्रुवारी हा महिना घराघरावर झेंडे लावून साजरा होतो. झेंड्याच्या मधल्या चिन्हात उघडं बायबल आहे.

हैतीशी नातं मात्र दुखरं आहे. 1937 मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या आदेशावरून सीमाभागात हजारो हैतीयन माणसांची कत्तल झाली. डॉमिनिकन संस्कृती समजून घ्यायची तर ही गोष्ट टाळता येत नाही, कारण ‘आम्ही हैतीयन नाही’ हे दाखवण्याच्या नादातच आफ्रिकन वारसा झाकला गेला.

मेरेंगे म्हणजे काय?

देशाचं संगीत आणि नाच. 2016 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत. लय वेगवान, पावलं सोपी. लहान मूल चालायला लागलं की मेरेंगे नाचायला लागतं. उत्तरेकडच्या सिबाओ खोऱ्यात वाजतो त्या मूळ ग्रामीण प्रकारात तीन वाद्यं महत्त्वाची. तांबोरा हा दोन तोंडांचा ढोल आडवा मांडीवर घेऊन एका बाजूला काठीने, दुसऱ्या बाजूला तळहाताने वाजवतात. ग्वीरा हे पत्र्याचं नळकांडं, खरखरीत अंगाचं, तारांच्या फणीने घासायचं. आणि अकॉर्डियन आलं जर्मनीहून, एकोणिसाव्या शतकात, सिबाओच्या तंबाखूच्या व्यापाराबरोबर. या गावरान मेरेंगेला ‘पेरिको रिपियाओ’ म्हणतात.

शहरातली बडी मंडळी आधी या नाचाला असभ्य समजत. 1930 मध्ये सत्तेवर आलेल्या त्रुहियोने तो प्रचारासाठी उचलला, स्वतःची स्तुती गाणारी मेरेंगे लिहून घेतली, आणि ज्या क्लबांनी त्याला कधीकाळी दारातून परत पाठवलं होतं तिथेच ती वाजवायला लावली. हुकूमशहा 1961 मध्ये मारला गेला, पण संगीत लोकांचंच होतं, ते लोकांकडेच राहिलं. पुढे जॉनी व्हेंतुरा आणि विल्फ्रिदो व्हार्गास यांनी त्याला वेग, झगमग आणि जगभरचे श्रोते दिले.

बचाता त्याहून वेगळी कशी?

मेरेंगे राष्ट्राची, तर बचाता मोडलेल्या मनाची. गिटारवर गायलेली विरहाची, फसवणुकीची, दारूत बुडालेल्या प्रेमाची गाणी. सोबत बोंगो, ग्वीरा आणि बास. पहिली ध्वनिमुद्रित बचाता 1962 मधली मानतात, होसे मानुएल काल्देरोनची. त्रुहियो गेल्यावर खेड्यांतून माणसं लोंढ्याने सांतो दोमिंगोच्या वस्त्यांत आली, आणि त्यांच्या एकटेपणाला या गाण्यांनी वाट दिली.

ती वाजायची दारूच्या गुत्त्यांत, कुंटणखान्यांत, मजुरांच्या खोल्यांत. तिला ‘आमार्गे’, म्हणजे कडवट गाणी, असंही म्हणत. बहुतेक रेडिओ केंद्रं आणि दूरचित्रवाणीने तिला दार बंद केलं होतं. रेडिओ ग्वाराचिता हे अपवाद ठरलेलं केंद्र, आणि त्याचे श्रोते होते मोलकरणी, रखवालदार, शेतमजूर. चांगल्या घरातल्या मुलीने बचाता गुणगुणली तर बोलणी खावी लागत. 1990 मध्ये हुआन लुईस गेर्रा या शिकलेल्या, प्रतिष्ठित संगीतकाराने बचाताचा अल्बम काढला, त्याला ग्रॅमी मिळालं, आणि एकाएकी तीच गाणी दिवाणखान्यात आली. त्याचं काम सुंदरच आहे. पण तीस वर्षं हिणवून घेत गाणाऱ्या त्या आधीच्या गायकांशिवाय त्याच्या हाती काहीच आलं नसतं, आणि त्यांची नावं आपण आवर्जून शोधून ऐकायला हवीत. 2000 च्या आसपास न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या आव्हेंतुरा या गटाने बचाता जगभर नेली. 2019 मध्ये युनेस्कोनेही तिला यादीत घेतलं.

आमच्या शहरातल्या वर्गात शिकवतात तीच ही बचाता का?

बऱ्याचदा नाही. शहरी वर्गांत शिकवली जाणारी, अंग लाटेसारखं हलवणारी ‘सेन्सुअल’ बचाता स्पेनमध्ये घडलेली आहे. डॉमिनिकन माणूस नाचतो तेव्हा वरचं शरीर निवांत असतं आणि सगळी करामत पावलांत. दोन्ही शिकावीत, पण मूळ कुठलं ते ठाऊक असावं.

कार्निवल कधी आणि कसा असतो?

फेब्रुवारीत, दर रविवारी दुपारी. सर्वांत प्रसिद्ध ला वेगा शहराचा. तिथला नायक आहे दियाब्लो कोहुएलो, लंगडा सैतान. शिंगं, विस्फारलेले डोळे आणि दातांचा जबडा असलेला कागदाच्या लगद्याचा मुखवटा, आरसे आणि घुंगरं लावलेला झगझगीत पोशाख, आणि हातात ‘व्हेहिगा’. पूर्वी हा फुगवून वाळवलेला जनावराचा मूत्राशय असे, आता इतर साहित्याचाही बनवतात. रस्त्यावर उतरलेल्या माणसाला त्याचा फटका मागून बसतो, आणि तो जोरदार असतो. फुटपाथवर उभं राहिलात तर वाचता. हे गमतीने नाही, खरोखरीची सूचना म्हणून सांगतो.

सांतियागोत सैतानांना ‘लेचोनेस’ म्हणतात. तिथे ला होया आणि लोस पेपिनेस या दोन वस्त्यांची जुनी चुरस आहे. ला होयाच्या मुखवट्याच्या शिंगांवर बारीक काटे, पेपिनेसची शिंगं गुळगुळीत. जाणकार लांबूनच ओळखतात. सान पेद्रो दे माकोरिसचे ‘गुलोया’ वेगळेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखर कारखान्यांत कामाला आलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटांवरच्या मजुरांचे हे वंशज. त्यांना ‘कोकोलो’ म्हणून हिणवलं गेलं. त्यांचं नृत्यनाट्य, मोरपिसांचे मुकुट आणि बायबलमधली डेव्हिड-गोलिएथची कथा, 2005 मध्ये युनेस्कोने गौरवलं, आणि ज्या शब्दाने चिडवत तोच आज त्यांचं अभिमानाचं नाव आहे.

‘रोबा ला गायीना’ म्हणजे कोंबडीचोर. भलंमोठं पोट-नितंब बांधलेला, बाईच्या वेशातला पुरुष छत्री घेऊन दुकानादुकानांपुढे नाचतो आणि मागून पोरं साद घालतात. बाराओना प्रांतातल्या काब्रालमध्ये मात्र मुखवटेवाले ‘काचुआ’ ईस्टरच्या आठवड्यात निघतात, चाबूक कडाडवत, आणि सोमवारी स्मशानभूमीत त्यांचा शेवट होतो.

लोक कॅथलिक आहेत ना? मग रात्रभर ढोल वाजवून पूजा कसली?

बहुसंख्य लोक कॅथलिक, अलीकडे इव्हँजेलिकल पंथही वाढलेत. आल्ताग्रासियाची माउली, म्हणजे येशूची आई मेरी, ही सर्वांची आई. 21 जानेवारीला इगुएय शहरातल्या बॅसिलिकेत लाखो लोक जातात, कित्येक पायी. नवसाचं चित्र आहे छोटंसं, सोळाव्या शतकातलं. 24 सप्टेंबर हा मेर्सेदेसच्या मातेचा, म्हणजे मेरीच्याच दुसऱ्या रूपाचा दिवस, तोही राष्ट्रीय सुटीचा.

आणि मग ‘पालोस’. झाडाच्या पोकळ खोडाचे उंच ढोल, संतांच्या उत्सवात रात्रभर वाजणारे. एखाद्या संताला नवस फेडायचा तर घरी वेदी मांडून, मेणबत्त्या लावून, पालोसवाल्यांना बोलावतात. त्या वेदीवरचा संत मायकेल चर्चमधलाही असतो आणि आफ्रिकन परंपरेतला बेलिए बेल्कानही. राजधानीजवळच्या विया मेयामधली पवित्र आत्म्याच्या काँगोंची बंधुसंस्था सोळाव्या शतकापासूनची मानली जाते. गुलाम आणि मिश्रवंशीयांनी स्थापलेली ही मंडळी आजही उत्सवांत आणि अंत्यविधींत ढोल वाजवतात. युनेस्कोने तिला 2001 मध्येच मानवतेचा ठेवा म्हटलं. उसाच्या मळ्यांवरच्या मजूर वसाहतींत, बातेयमध्ये, ईस्टरच्या आठवड्यात ‘गागा’च्या मिरवणुका निघतात. त्या हैतीयन मजुरांबरोबर आल्या आणि इथल्याच झाल्या.

घरी मृत्यू झाला तर काय करतात?

दफनानंतर नऊ दिवस प्रार्थना चालते. तिला ‘नऊ दिवस’ असंच म्हणतात. शेजारी-पाजारी जमतात, जपमाळ म्हणतात, कॉफी आणि आल्याचा चहा फिरतो. गावाकडे शेवटचा दिवस मोठा, वेदी मोडायचा. वर्ष भरल्यावर ‘काबो दे आन्यो’. भेटायला जाणं महत्त्वाचं, हातात काय नेलं याला फारशी किंमत नाही.

रोजचं जेवण काय?

दुपारी ‘ला बांदेरा’, म्हणजे झेंडा: पांढरा भात, लाल राजमा, मांसाचा रस्सा, सोबत कोशिंबीर किंवा तळलेली केळी. भात शिजवताना भांड्याच्या तळाला जी तेलकट खरपूड लागते तिला ‘कोन्कोन’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. सकाळी मांगू: हिरवी मोठी केळी उकडून, लोणी आणि उकडल्याचंच पाणी घालून घोटायची, वर व्हिनेगरमधला लाल कांदा. तळलेलं चीज, तळलेली सलामी आणि अंडं सोबत आलं की झाले ‘तीन ठोसे’. रविवारी किंवा पाहुणे आले की सांकोचो, कंदमुळं आणि मांसाचा दाट रस्सा. थाटाचा असेल तर सात प्रकारचं मांस.

‘मोरो दे ग्वांदुलेस’ हा नाताळचा भात, त्यातले ग्वांदुल म्हणजे चक्क आपली तूर. तूर मूळची भारताची. इथून आफ्रिकेत गेली, आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियनमध्ये पोहोचली. तिथे ती ओली, हिरवीच खातात, सामाना भागात नारळाच्या दुधात. मराठी माणसाला डॉमिनिकन ताटात ओळखीचं काही सापडत असेल तर ते हे.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘आबिचुएलास कोन दुल्से’ करतात. लाल राजमा शिजवून, गाळून, नारळाचं दूध, दूध, साखर, रताळं, दालचिनी, लवंग आणि मनुका घालून आटवलेलं हे गोड. ऐकून तोंड वाकडं करू नका, एक वाटी खाऊन पाहा. मोठ्या पातेल्यात करतात आणि वाट्या शेजाऱ्यांकडे जातात, त्यांच्याकडून येतात. कासाबे भाकरी, जी कधी गरिबाचं खाणं समजली जाई, ती 2024 मध्ये क्यूबा, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएलासोबत युनेस्कोच्या यादीत गेली.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होतं, पण विचारून. मांगू, तळलेलं चीज, तोस्तोनेस म्हणजे चेपून दोनदा तळलेली कच्ची केळी, भात, फळं सर्वत्र मिळतात. राजम्यात डुकराचं मांस किंवा मांसाचा अर्क असू शकतो. ‘मांस नको’ एवढंच म्हटलं तर कोंबडी किंवा हॅम ताटात येऊ शकतं, तेही वेगळं सांगा.

नाताळ आणि नवं वर्ष?

ऑक्टोबरातच नाताळची गाणी सुरू होतात. मुख्य रात्र 24 डिसेंबरची: भाजलेलं डुक्कर, तुरीचा भात, केळीच्या पानात बांधून उकडलेले ‘पास्तेलेस एन ओहा’, तेलेरा पाव. 31 तारखेला मध्यरात्री बारा द्राक्षं खातात. प्रवासाचा योग यावा म्हणून कुणी रिकामी बॅग घेऊन घराबाहेर चक्कर मारतं. 5 जानेवारीच्या रात्री मुलं बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या उंटांसाठी पलंगाखाली गवत आणि राजांसाठी गोळ्या ठेवतात. ज्या घरी राजे पोहोचले नाहीत तिथे काही दिवसांनी ‘व्हिएहा बेलेन’ ही गरीब म्हातारी खेळणी आणते. मला सगळ्या सणांत हीच सर्वांत जवळची वाटते. गरिबाच्या मुलाला उशिरा का होईना काहीतरी मिळालं पाहिजे, म्हणून लोकांनी एक वेगळी आजी निर्माण केली.

घरात आणि गल्लीत वागण्याच्या रीती कोणत्या?

मुलं आई-वडील, आजी, मावशी भेटली की, किंवा फोन उचलला की, प्रथम ‘बेंदिसिओन’ म्हणजे आशीर्वाद मागतात. वडीलधारे म्हणतात, ‘दिओस ते बेंदिगा’, देव तुझं भलं करो. चाळिशीचा माणूसही मागतो. दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत शिरताना सगळ्यांना मिळून ‘बुएनोस दियास’ म्हणायचं, न म्हणणारा उद्धट ठरतो. कुणी जेवत असेल तर ‘बुएन प्रोव्हेचो’. दिशा दाखवायला बोट नाही, ओठ पुढे काढतात. जवळजवळ प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि गल्लीला खरं नाव माहीत नसतं.

कोपऱ्यावरचं ‘कोलमादो’ हे किराणा दुकान म्हणजे वस्तीचा प्राण. उधारी, थंड बिअर, मोठ्या आवाजात बचाता, दारात डॉमिनोचा डाव. बायका ‘सान’ चालवतात, म्हणजे आपली भिशीच: ठरलेली रक्कम दर आठवड्याला, नंबर लागेल त्याला सगळी. घराची गच्ची, मुलीचे पंधराव्या वाढदिवसाचे कपडे, परदेशाचं तिकीट, सगळं त्यातून निघतं.

बेसबॉलचं एवढं वेड कसं?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबातल्या युद्धामुळे परागंदा झालेल्या क्यूबनांनी तो आणला. सान पेद्रोच्या कोकोलो मजुरांनी आधी क्रिकेट आणलं होतं, पुढे त्यांची मुलं-नातवंडं बेसबॉलकडे वळली. गल्लीत झाडूच्या दांड्याने पाण्याच्या जारचं झाकण टोलवतात, त्या खेळाचं नाव ‘व्हितिया’. देशांतर्गत लीगमध्ये सहा संघ, हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, आणि लिसेय विरुद्ध आगिलास सामन्याला घरं दुभंगतात. 2013 मध्ये देशाने जागतिक बेसबॉल क्लासिक एकही सामना न हरता जिंकली. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये परदेशी खेळाडूंत सर्वाधिक डॉमिनिकनच. मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षी करार मिळावा म्हणून शाळा सोडणारी कित्येक मुलं वर पोहोचत नाहीत, त्यांचा विचार कमी होतो.

मिराबाल भगिनींचे फोटो सगळीकडे का दिसतात?

पात्रिया, मिनेर्व्हा आणि मारिया तेरेसा या तीन बहिणी त्रुहियोविरुद्धच्या गुप्त चळवळीत होत्या. टोपणनाव ‘फुलपाखरं’. 25 नोव्हेंबर 1960 ला तुरुंगातल्या पतींना भेटून परतताना त्यांना चालकासह ठार मारण्यात आलं. सुमारे सहा महिन्यांनी हुकूमशहाही संपला. 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 25 नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा दिवस ठरवला. महाराष्ट्रात महिला संघटना हा दिवस पाळतात, त्याचं मूळ या तिघींत आहे. चौथी बहीण देदे हिने मागे राहिलेली मुलं वाढवली आणि 2014 पर्यंत त्यांची आठवण जागती ठेवली.

न्यू यॉर्कमध्ये एवढे डॉमिनिकन कसे?

1961 नंतर देशाबाहेर जाणं सोपं झालं, 1965 च्या यादवीनंतर ओघ वाढला. आज अमेरिकेत डॉमिनिकन वंशाचे 20 लाखांहून अधिक लोक आहेत. मॅनहॅटनचं वॉशिंग्टन हाइट्स हा त्यांचा गड. तिकडून येणाऱ्या पैशांवर इकडची कित्येक घरं उभी आहेत.

जायचं झालं तर कधी जावं, काय आणावं?

फेब्रुवारी सर्वांत चांगला: रविवारी ला वेगा, 27 ला स्वातंत्र्यदिन. बेसबॉल पाहायचा तर डिसेंबर. ईस्टरच्या आठवड्यात समुद्रकिनारे आणि रस्ते तुडुंब असतात, ते टाळा, मात्र गागा किंवा काब्रालचे काचुआ पाहायचे असतील तर तोच आठवडा. नुसतं रिसॉर्टमध्ये राहून परत येऊ नका. किमान दोन दिवस सांतो दोमिंगोच्या जुन्या शहराला द्या आणि एक सांतियागोला. आणायचं तर लारिमार हा निळा दगड, जो फक्त बाराओना भागात सापडतो, किंवा उत्तरेकडच्या डोंगरांतला अंबर. दोन्हींच्या नकला बाजारात खूप आहेत, रस्त्यावर घेऊ नका. कॉफी मात्र कुठल्याही कोलमादोतून घ्या.